चार फुटी खाऱ्या टाकीत शिकारी मासे ठेवायचे आहेत. निवड कशी करावी?

पर्वतीपायथा:

नमस्कार.

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायला लागून मला पावणेदोन वर्षे झाली. टाकी चार बाय दोन बाय दोन फुटांची आहे, म्हणजे वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता तीत साधारण ४०० लिटर पाणी असते. खाली संप (पाणी गाळणारी दुसरी टाकी) आणि प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारे यंत्र) आहे. पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आणि तापमान २५ ते २६ अंश ठेवतो. आजवर क्लाउनफिशची एक जोडी आणि चार डॅमसेल एवढाच संसार होता. त्यांतली जोडी आता बहिणीच्या मुलाकडे जाणार आहे आणि डॅमसेल दुकानदार परत घेण्यास तयार आहे. टाकी अशी रिकामी होत असल्यामुळे या वेळी तीत नुसते रंगीत नव्हे, तर स्वभाव असलेले, शिकार करणारे, पाहणाऱ्याकडे वळून पाहणारे मासे ठेवावेत असे मनात आहे.

दुकानात मी पाच मासे हेरून ठेवले आहेत. पहिला मोठा लायनफिश. दुसरी स्नोफ्लेक ईल म्हणून विकली जाणारी पांढरी-काळी वाम. तिसरा तीन इंची पँथर ग्रूपर, ज्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असतात आणि जो डोके खाली करून वल्ही मारल्यासारखा पोहतो. खरे सांगायचे तर मन त्याच्यावरच अधिक बसले आहे. चौथा क्लाउन ट्रिगर आणि पाचवा दगडासारखा बसून राहणारा फ्रॉगफिश. दुकानदाराच्या मते हे पाचही लहान वयात एकत्र घातले तर एकमेकांना सरावतात. मला ते पटलेले नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

घरच्या दोन अडचणीही सांगून ठेवतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि टाकीला खाणे घालण्याचे काम तिने हक्काने आपल्याकडे घेतलेले आहे. लायनफिशच्या काट्यांत विष असते हे मला ठाऊक आहे, पण ते कितपत गंभीर आहे ते ठाऊक नाही. दुसरे म्हणजे माझी आई माळकरी आहे. टाकीत जिवंत मासे सोडून त्यांची शिकार पाहणे तिला कदापि सहन होणार नाही, आणि फ्रिजमध्ये कोळंबी ठेवणे हा तर आमच्या घरात स्वतंत्र वादाचा विषय आहे. मेलेल्या खाद्यावर यांतले कोणते मासे राहू शकतात?


खारेपाणी:

आपल्या दुकानदाराचे म्हणणे सहा महिन्यांपुरते खरे ठरेल. लहान वयात एकत्र घातलेले शिकारी मासे एकमेकांना सरावतात ते जोवर एकाचे तोंड दुसऱ्याच्या अंगाएवढे होत नाही तोवरच. शिकारी माशाच्या जगात मित्र आणि भक्ष्य यांतला फरक बव्हंशी मापाचा असतो, आणि लायनफिश किंवा ग्रूपर यांचे तोंड मिटलेले असताना जेवढे दिसते त्याच्या कितीतरी पट उघडते. त्यामुळे माशाची निवड करताना आजचे रूप बाजूला ठेवून पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी आणि तोंडाचा आवाका या दोनच गोष्टी आधी पाहाव्यात, असे मी अनुभवाने शिकलो आहे.

ज्या पँथर ग्रूपरवर आपले मन बसले आहे त्याच्यावर माझेही बसले होते. मी घेतला तेव्हा तो बोटभर होता आणि त्याचे ते झुलत पोहणे पाहायला शेजारची मंडळी येत असत. हा मासा निसर्गात ७० सेंटीमीटरपर्यंत वाढतो हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. वर्ष उलटायच्या आत त्याने दोन डॅमसेल, एक गोबी आणि शेवटी एक बऱ्यापैकी मोठा कार्डिनल गिळला. चार फुटी टाकीत तो वळताना त्याचे शेपूट काचेला घासू लागले तेव्हा मी त्याला आठ फुटी टाकी असलेल्या एका परिचितांकडे पोचते केले. दक्षिणपूर्व आशियात हा मासा खाण्यासाठी पाळतात आणि त्याला भाव चांगला मिळतो. दुकानातली पिल्ले म्हणजे आपल्याकडच्या हेकरूच्या भाईबंदांचीच पिल्ले आहेत, एवढे लक्षात ठेवले तरी मोह आवरतो.

क्लाउन ट्रिगर ५० सेंटीमीटरपर्यंत जातो. त्याच्या आकाराइतकीच त्याच्या स्वभावाचीही अडचण आहे. लहानपणी तो गरीब असतो आणि एके दिवशी अचानक टाकीतल्या प्रत्येकाचे पर (पोहण्याचे पंख) फाडू लागतो. लायनफिशच्या लांब झालरीसारख्या परांचे तर त्याला विशेष आकर्षण असते. ट्रिगर पाळायचाच असेल तर तो एकटाच पाळावा. दगड उचलून टाकणारा, हीटरची वायर चावणारा आणि मालकाला ओळखणारा असा तो एकच मासा पुरेशी करमणूक करतो, पण मग बाकी सर्वांना सोडचिठ्ठी द्यावी लागेल.

लायनफिशच्या बाबतीत माझी सूचना अशी की मोठ्या जातीऐवजी बुटकी जात घ्यावी. दुकानात बहुधा दिसतो तो व्होलिटान्स ३५ सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि पर पसरल्यावर तेवढाच रुंद दिसतो. आपल्या टाकीची रुंदी ६० सेंटीमीटर आहे, तेव्हा तो वळेल कसा याचा विचार करावा. याउलट झेब्रा ड्वार्फ आणि फझी ड्वार्फ या नावांनी येणाऱ्या जाती टाकीत बहुधा १७-१८ सेंटीमीटरच्या आसपास थांबतात. रुबाब तोच असतो, पर तसेच पसरतात, आणि फझी तर दगडावर बसून डोळे फिरवत असतो तेव्हा एखाद्या ओसरीवरच्या आजोबांसारखा दिसतो. दोन डोळ्यांसारखे ठिपके असलेली तिसरी बुटकी जातही क्वचित येते, पण ती खाण्याच्या बाबतीत फार नखरेल असते. पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये.

स्नोफ्लेक वाम ही मात्र आपण अवश्य घ्यावी. वामींच्या कुळात माशांवर जगणाऱ्या, सुईसारख्या दातांच्या जाती असतात, तशाच खेकडे आणि कोळंबी फोडून खाणाऱ्या, बोथट दातांच्याही असतात. स्नोफ्लेक या दुसऱ्या गटातली आहे, त्यामुळे तिच्या तोंडात न मावणाऱ्या माशांना सहसा तिच्यापासून भय नसते. निसर्गात ती मीटरभर होऊ शकते, टाकीत बहुधा ६० ते ७० सेंटीमीटरवर राहते, आणि दिवसाचा बराचसा वेळ दगडाच्या कपारीतून तोंड बाहेर काढून बसण्यात घालवत असल्याने लांबीच्या मानाने तिला पोहायला जागा कमी लागते. ती सतत तोंड उघडझाप करते ते रागाने नव्हे, तर कल्ल्यांवरून पाणी खेळवण्यासाठी. मोरे वामींच्या, म्हणजे स्नोफ्लेक ज्या कुळातली आहे त्या वामींच्या, घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि पकडलेले भक्ष्य आत ओढण्यासाठी ती पुढे सरकते, हे रीटा मेहता आणि पीटर वेनराइट या संशोधकांनी २००७ साली दाखवून दिले. टाकीत तिला खाताना पाहिले की तुकडा आत खेचला जातो तो क्षण नीट दिसतो.

तिसरा मासा म्हणून आपल्या यादीत नसलेले एक नाव सुचवतो: मरीन बेटा, ज्याला कॉमेट असेही म्हणतात. काळसर अंगावर चांदण्यांसारखे बारीक पांढरे ठिपके, आणि पाठीच्या पराच्या मागच्या टोकाशी एक डोळ्यासारखा ठिपका. घाबरला की तो कपारीत तोंड खुपसतो आणि मागचा भाग बाहेर ठेवतो. तेव्हा शेपूट आणि तो ठिपका मिळून बाहेर डोकावणाऱ्या ठिपकेदार मोरे वामीच्या तोंडासारखे दिसतात. वीस सेंटीमीटरपर्यंत वाढणारा, संथ, लाजाळू, पण लहान मासे आणि कोळंबी टिपणारा हा खराखुरा शिकारी आहे. सुरुवातीचे काही आठवडे तो दिसणारच नाही, आणि आपण पैसे कशासाठी दिले असा प्रश्न घरचे विचारतील. धीर धरावा.

क्रम असा ठेवा: आधी मरीन बेटा, त्याने खाणे घेऊ लागल्यावर लायनफिश, आणि सर्वांत शेवटी वाम. प्रत्येक माशाला निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत घ्या. वामीला खवले नसतात आणि तांबेयुक्त औषध तिला बाधण्याचा धोका असतो, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरल्यावर तिथे औषध घालून सुटका होणार नाही.


कालवण:

वरील सल्ला बहुतांशी योग्य आहे, तरीही लायनफिश आणि वाम एकत्र ठेवण्याविषयी माझे मत वेगळे आहे. ते एकमेकांना खाणार नाहीत हे मान्य. अडचण खाणे घालतानाची आहे. वामीची दृष्टी अधू आणि नाक तिखट. पाण्यात कोळंबीचा वास पसरला की ती टाकीभर फिरून जे तोंडाला लागेल त्याला चावून पाहते. लायनफिश मात्र तुकडा समोर हलताना दिसला तरच, तोही विचार करून घेतो. या गडबडीत माझ्याकडचा लायनफिश दोन महिने अर्धपोटी राहिला आणि वाम दोघांचे खाऊन जाडजूड झाली. पुढे मी वामीला आधी टाकीच्या एका कोपऱ्यात लांब चिमट्याने भरवून, ती कपारीत परतल्यावर दुसऱ्या टोकाला लायनफिशला देऊ लागलो, तेव्हा घडी बसली. ज्यांना रोज तेवढा वेळ नाही त्यांनी दोहोंपैकी एकच ठेवावा.

आता खाद्याविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. आमच्या रत्नागिरीकडची जी मासळी ताटात येते तिच्यातलीच बरीचशी या माशांना चालते. पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारात सकाळी गेल्यास कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या मिळतात. साफ करून, माशाच्या डोळ्याएवढे तुकडे करून, एका वेळेपुरत्या पुड्या बांधून गोठवून ठेवाव्यात. मीठ, हळद लावलेले काही घेऊ नये. तारलीसारखी तेलकट मासळी टाळावी, पाण्यावर तवंग येतो आणि स्किमर बिघडल्यासारखा वागू लागतो.

दुकानात लायनफिशबरोबर पिशवीभर छोटे गोल्डफिश घेऊन जा असे हमखास सांगतात. ते कधीही करू नये. गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचे विकर असते, ते ब-१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि केवळ त्यांच्यावर काही महिने काढलेला शिकारी मासा एके दिवशी तोल गेल्यासारखा तिरका पोहू लागतो. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशांमधली चरबी समुद्रातल्या माशांना मानवणारी नसते. हे विकर तारलीच्या कुळातल्या अनेक माशांत आणि काही प्रकारच्या कोळंबीत व शिंपल्यांतही असते, आणि गोठवल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून रोज कोळंबी एके कोळंबी करू नये. आलटून पालटून द्यावे आणि आठवड्यातून एकदा तुकडे जीवनसत्त्वाच्या द्रावणात भिजवून घालावेत.

मेलेले खाणे घ्यायला लायनफिशला शिकवावे लागते. त्याला काय हलते तेवढेच दिसते असे समजून चालावे. पारदर्शक ॲक्रिलिकच्या कांडीच्या टोकाला माकुलाची पातळ पट्टी टोचून ती त्याच्या तोंडासमोरून हळूहळू, थबकत थबकत न्यावी. पहिला आठवडा तो नुसता पाहील, कांडीच्या मागे येईल आणि ऐन वेळी तोंड फिरवील. निरोगी, भरल्या पोटाचा लायनफिश आठवडाभर उपाशी राहिल्याने मरत नाही, तेव्हा मन घट्ट करावे. आणि दुकानातून घेण्यापूर्वी तो तिथेच मेलेले खाऊन दाखवतो का ते पाहावे. आपल्या मातोश्रींच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चौकशी हीच आहे.


पर्वतीपायथा:

दोघांचेही मनापासून आभार. पँथर ग्रूपर आणि ट्रिगर यांवर फुली मारली आहे, पहिल्यावर थोड्या जड हाताने.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. फ्रॉगफिशविषयी कोणीच काही बोलले नाही. मुलीच्या दृष्टीने विषाचा धोका किती? आणि दुकानदार आता समुद्रातून आणलेले खरे प्रवाळ आणि समुद्रघोड्यांची एक जोडी देऊ करतो आहे; शिकारी टाकीत नाही, पण बाजूच्या छोट्या टाकीत ते ठेवता येतील का?


सागरगोटा:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो आवडीनिवडीचा विषय नाही. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. २००१ साली त्यांचा अनुसूचीत समावेश झाला आणि महाकाय ग्रूपरही त्याच संरक्षित प्रजातींत मोडतो. आपल्या किनाऱ्यावरून उचललेले प्रवाळ किंवा समुद्रघोडा विकत घेणे हा गुन्हा आहे, मग तो कितीही खासगीत, पडद्यामागून दिला गेला तरी. शिकारी माशांच्या टाकीला प्रवाळांची गरजही नसते. कोरडे कृत्रिम दगड रचून खोल कपारी केल्या की काम होते. जिवाणू त्यावर वस्ती करतातच, फक्त अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. तुमची टाकी चालू असल्यामुळे तुम्हाला तीही अडचण नाही. नवे दगड मात्र टप्प्याटप्प्याने घाला आणि तळाच्या काचेवर घट्ट टेकवा, वाळूवर नव्हे. वाम वाळू उकरते आणि रचलेला डोंगर कोसळतो.

आता विष. लायनफिशच्या पाठीवर १३, पोटाखाली मागे ३ आणि पोटाच्या दोन परांत प्रत्येकी १ असे १८ विषारी काटे असतात. पंख्यासारखे पसरणारे बाजूचे मोठे पर विषारी नसतात. बुटक्या जातींनाही विष असते, केवळ आकार लहान म्हणून त्यांना निरुपद्रवी समजू नये. मासा अंगावर धावून येत नाही, पण टाकीत घातलेला हात कोपऱ्यात त्याच्या पाठीशी गेला तर तो काटे पुढे करून उभा राहतो, आणि दंश होतो तो बहुधा असाच, साफसफाई करताना. वेदना अत्यंत तीव्र असतात. या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात, म्हणून पहिला उपाय म्हणजे दंश झालेला भाग सोसवेल तेवढ्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, धड असलेल्या हाताने पाहावे, कारण दुखऱ्या हाताला भाजलेले कळत नाही. हे करताकरताच रुग्णालयात जाण्याची तयारी करावी. श्वास लागणे, घेरी येणे, सूज वर चढणे यांपैकी काही दिसले तर क्षणाचाही विलंब लावू नये. मूल असेल तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडेच न्यावे.

मुलीने खाणे घालण्यास माझी हरकत नाही, मात्र कांडी निदान दीड फुटाची हवी, हात पाण्याच्या पातळीच्या वरच राहिला पाहिजे आणि शेजारी मोठे माणूस उभे असले पाहिजे. टाकीला कुलूपबंद होईल असे झाकण करा. ते वामीसाठी तसेही करावे लागणार आहे. आणखी एक: लायनफिशच्या नावाखाली किंवा त्याच्या शेजारी कधीकधी खरा स्टोनफिश विकायला ठेवलेला असतो. तो जगातला सर्वांत विषारी मासा समजला जातो. ज्या घरात मूल आहे त्या घरात, आणि माझ्या मते कोणत्याच घरात, तो येऊ नये.

फ्रॉगफिशवर कोणी बोलले नाही याचे कारण तो कोणाबरोबरच राहत नाही. तो मी तीन वर्षे पाळला, अंगावर चामखिळी असलेला, लिंबाच्या सालीच्या रंगाचा, जेमतेम दहा सेंटीमीटरचा. कपाळावरची काडी आणि तिच्या टोकाचे आमिष हलवत तो बसून राहतो, आणि तोंड उघडून भक्ष्य ओढून घेतो ते इतक्या वेगाने की सेकंदाचा शंभरावा भागही लागत नाही. पाहणाऱ्याला दिसते ते एवढेच, की आता मासा होता आणि आता नाही. अडचण अशी की त्याला स्वतःएवढा मासाही गिळता येतो, आणि गिळू नये इतका मोठा असेल तर गिळण्याच्या प्रयत्नात दोघेही मरतात. त्याला जाळीत धरून हवेत उचलू नये, पोटात हवा जाते आणि तो उलटा तरंगू लागतो. पाण्याखालीच डब्यात घेऊन हलवावा. तुमच्या ४०० लिटरच्या टाकीत तो हरवून जाईल. त्याला शंभर लिटरची, संथ प्रवाहाची, स्वतंत्र टाकी द्या. कांडीवरचे खाणे तो लायनफिशहून लवकर शिकतो, आठवड्यातून दोनदा दिले की पुरते. बाजूची जी छोटी टाकी तुम्ही समुद्रघोड्यांसाठी मनात धरली होती ती याच्यासाठी उत्तम.

दुकानात बांबू शार्कची अंडीही दाखवतात, पारदर्शक पिशवीत वळवळणारे पिल्लू दिसते आणि माणूस हरखतो. ते पिल्लू मीटरभर लांब होते. पुढचे बोलायला नकोच.


खारेपाणी:

कालवण यांचा खाणे घालण्याच्या पद्धतीविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. माझ्याकडे दोन्ही मासे नांदत आहेत ते मी घरूनच काम करत असल्यामुळे, हे मला लिहायला हवे होते.

पुण्याच्या हवामानाविषयी दोन गोष्टींची भर घालतो. शिकारी मासे थोडेच असतात, पण त्यांचे खाणे मांसाचे असते आणि घाण त्या प्रमाणात होते. ४०० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला ६० लिटर पाणी बदलण्याची तयारी ठेवा. लिटरला साधारण ३७ ग्रॅम मिश्रण धरले तर प्रत्येक वेळी सव्वादोन किलो मीठ लागते, आणि ते मिठागरातले नव्हे, मरीन टाकीसाठी तयार केलेलेच हवे. अलिबागहून डबे भरून समुद्राचे पाणी आणण्याचा बेत दरवर्षी कोणीतरी करतो. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, पावसाळ्यात गोडे झालेले आणि बंदरांजवळ तेलकट असते. त्यात इंधनाचा खर्च धरला तर मीठ स्वस्त पडते. गुरुवारी महापालिकेचे पाणी बंद असण्याची शक्यता धरून आरओचे पाणी बुधवारीच पिंपात भरून ठेवावे.

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो तेव्हा टाकीचे पाणी ३० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू मुळातच सुमारे एक पंचमांश कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश थंड होते, आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने हा उपाय मुंबईपेक्षा पुण्यात अधिक चांगला चालतो. मात्र उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी ओतू नये, आरओचे साधेच पाणी घालावे, कारण उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. दुरुस्तीसाठी दिवसभर वीज जाते तेव्हाची सोयही आताच करा. सोसायटीचे जनित्र बहुधा लिफ्टपुरतेच असते. इन्व्हर्टरवर एक पंप आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप असला की आठ-दहा तास निभावतात.


पर्वतीपायथा:

ठरले ते असे. मुख्य टाकीत आधी मरीन बेटा आणि दिवाळीनंतर फझी ड्वार्फ लायनफिश, तोही दुकानात कांडीवरून खाऊन दाखवील तरच. माझी नोकरी हिंजवडीत असल्याने रोज दोन वेळा चिमटा घेऊन उभे राहणे जमणार नाही, म्हणून वामीचा निर्णय पुढच्या वर्षावर टाकला आहे. बाजूच्या टाकीत फ्रॉगफिश, पण आधी ती चालवून पाणी स्थिर झाल्यावर. आईशी बोलणे झाले. जिवंत मासे सोडणार नाही आणि कोळंबीसाठी गच्चीतल्या खोलीत वेगळा छोटा डीप फ्रीझर ठेवीन या दोन अटींवर ती तयार झाली. खर्च वाढला, पण घरात शांतता आहे.

वामीसाठी झाकण कसे असावे तेवढे मात्र आताच सांगून ठेवा. सुतार येणार आहे, तर एकाच खेपेत काम करून घेतो.


कालवण:

झाकणाच्या बाबतीत मी हात पोळून घेतलेला माणूस आहे. माझ्या पहिल्या वामीसाठी वर जाड काच बसवली होती आणि तिच्यावर दोन विटाही ठेवल्या होत्या, पण संपकडे जाणाऱ्या पाइपसाठी काचेच्या कोपऱ्यात जी फट सोडली होती ती मी विसरलो. मे महिन्यातली रात्र होती. सकाळी कामाला येणाऱ्या मावशींना ती टीव्हीच्या कपाटामागे सापडली, दोरीसारखी वाळलेली. दमट हवेत वाम पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला ती सवलत मिळत नाही.

म्हणून सुताराला काचेऐवजी ॲल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवलेली प्लास्टिकची बारीक जाळी करायला सांगा. हवा खेळती राहते आणि पंख्याचा वाराही पाण्याला लागतो. लोखंडी जाळी नको, महिन्याभरात गंजून खाली पडते. ॲल्युमिनियमलाही खारा तुषार लागतो, तेव्हा चौकट रंगवलेली घ्या आणि ती पाण्यात बुडणार नाही इतकी वर ठेवा. चौकट काचेच्या आत बसू द्या, वर ठेवू नका, आणि चारही बाजूंना आकडे लावा, कारण वाम नाकाने ढकलून पाहते आणि तिच्या अंगात जोर असतो. वायर आणि पाइप जिथून आत येतात तिथे स्पंजचा तुकडा कोंबा. फट किती चालेल याचे माप म्हणजे आपली करंगळी: ती जिथून आत जाते तिथून लहान वामही बाहेर येते. संपकडे पाणी उतरते त्या पाइपच्या तोंडावरही जाळी लावा, नाहीतर ती जमिनीवर न पडता खाली स्किमरमध्ये सापडेल. खाणे घालण्यासाठी पुढच्या बाजूला वीतभर लांबीचे स्वतंत्र दार ठेवायला सांगा, म्हणजे अख्खे झाकण रोज काढावे लागणार नाही, आणि मुलीची कांडी तेवढ्याच दारातून आत जाईल.